आंब्याच्या खोक्यातली गिटारवाली

मैत्रिणींनो, आंब्याचं खोकं आपल्याला काही नवीन नाही. आंबे संपले की त्यात जुनी पुस्तकं जातात, स्वेटर-मफलर जातात, एखाद्या घरी मांजरीची पिल्लंसुद्धा जातात. पण त्या खोक्यात बसून कुणी गिटार वाजवल्याचं ऐकलंय का? तेही भर कार्यक्रमात, स्टेजवर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर?

जपानमधली हितोरी गोतो नावाची मुलगी हे करते. वय आपल्याकडच्या दहावीतल्या मुलीइतकं. अंगात कायम एकच गुलाबी ट्रॅकसूट, केस डोळ्यांवर, मान खाली. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून तिच्या आयुष्यातल्या पहिल्या कार्यक्रमात ती पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात शिरते आणि आतूनच गिटार वाजवते. खोक्यावर जपानीत छापलेलं असतं, ‘पिकलेला आंबा’. प्रेक्षकांना गिटार ऐकू येते, गिटारवाली काही दिसत नाही!

हितोरी ही खरी मुलगी नव्हे. ‘बोच्ची द रॉक!’ या जपानी ॲनिमे मालिकेतली ती नायिका. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून हे तुमच्या घरातली मुलं तुम्हाला सांगतीलच. आपल्याला डोरेमॉन आणि शिनचॅन माहीत, त्यामुळे कार्टून म्हणजे लहान पोरांचं काम असं आपण धरून चालतो. जपानमध्ये तसं नाही. तिथे कॉलेजच्या मुलांसाठी, नोकरदारांसाठी, घर सांभाळणाऱ्या बायांसाठीही ॲनिमे बनतात. ‘बोच्ची’ची गोष्ट आधी चार-चार चौकटींच्या विनोदी चित्रकथेच्या रूपात आली. अकी हामाजी यांची ही चित्रकथा २०१७ च्या डिसेंबरपासून एका मासिकात येऊ लागली. त्यावर क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओने बारा भागांची मालिका केली आणि ती २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जपानी टीव्हीवर लागली. दिग्दर्शक केइइचिरो साइतो. पटकथा एरिका योशिदा या बाईंची. याच योशिदाबाईंनी पुढे २०२४ मध्ये जपानच्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक असलेल्या योशिको मिबुची यांच्या आयुष्यावरून बेतलेली रोजची टीव्ही मालिका लिहिली. ‘बोच्ची’तल्या मुलींची बोलणी इतकी खरी का वाटतात, हे त्यावरून थोडंफार लक्षात येतं.

नावातच एकटेपण

जपानीत ‘हितोरी’ म्हणजे एकटी. ‘हितोरीबोच्ची’ म्हणजे अगदी एकटी, आपण ‘एकटी-दुकटी’ म्हणतो त्यातली निव्वळ ‘एकटी’. त्यावरूनच पुढे तिचं टोपणनाव पडतं, बोच्ची. गंमत म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचं नाव ‘फुतारी’, म्हणजे दोघी! आईवडिलांनी ही नावं सहजच ठेवली असतील. पण ती चिमुरडी फुतारी कुणाशीही पटकन बोलते, आणि थोरली मात्र घरातल्या कपाटात अंथरूण-पांघरुणाशेजारी गिटार घेऊन बसते. एकाच आईच्या दोन लेकी अशा दोन टोकांच्या निघतात, हे आपण कितीतरी घरांत बघतोच की.

तर ही हितोरी माध्यमिक शाळेत असताना टीव्हीवर एका बँडवाल्याची मुलाखत बघते. तो सांगतो, मी शाळेत असताना कुणाच्या खिजगणतीत नव्हतो, पण बँडमध्ये आलो आणि माझ्यासारखासुद्धा चमकला. झालं! हितोरी वडिलांची काळी गिटार उचलते. रोज सहा-सहा तास सराव. एकदोन आठवडे नाही, तीन वर्षं. वाजवतानाचे व्हिडिओ ‘गिटारहीरो’ या नावाने इंटरनेटवर टाकते. चेहरा दाखवत नाही. व्हिडिओंखाली लोक वाहवा करतात आणि ही तिथे खोटंच लिहिते, मला मित्र आहेत, बॉयफ्रेंड आहे... प्रत्यक्षात तीन वर्षांत शाळेत एकही मैत्रीण झालेली नसते. शाळेच्या स्नेहसंमेलनात बँड काढायचं स्वप्न तसंच राहून जातं.

मग हायस्कूल. घराजवळची शाळा ती घेत नाही. योकोहामाच्या बाजूला राहणारी ही मुलगी टोकियोतली शाळा घेते, जायला दोन तास, यायला दोन तास. कारण काय, तर जुन्या शाळेतलं ओळखीचं कुणी तिथे नसावं. आपल्याकडे गावातून तालुक्याला एसटीने जाणाऱ्या मुली दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवतात, त्यांना पर्याय नसतो. हिला पर्याय असून ही एवढा प्रवास ओढवून घेते. लोकांपासून पळायला माणूस किती लांब जाऊ शकतं बघा.

एक दिवस ती गिटार पाठीला लावून शाळेत जाते. मनात इतकंच, की कुणीतरी विचारावं, ‘अगं, तू गिटार वाजवतेस?’ कुणीच विचारत नाही.

हा प्रसंग बघताना मला आपल्या कितीतरी जणी आठवल्या. हातात कला असते. शिवण, रांगोळी, गाणं, कविता, काहीही. ‘मला येतं’ असं स्वतःहून सांगायची लाज वाटते आणि ‘कुणीतरी विचारेल’ म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणं चालू राहतं. मग लेकीच्या लग्नात एखादी मावशी अचानक अशी गाते की सगळा मांडव वळून बघतो, आणि लोक म्हणतात, ‘अगंबाई, ही गाते होय?’

लाजरी की घाबरलेली?

अशा मुलीला आपल्याकडे नावं ठेवायला शब्दांची कमी नाही. घुमी, मुखदुर्बळ, माणूसघाणी. पाहुणे आले की आतल्या खोलीत पळते म्हणून आई ओरडते. आजी म्हणते, ‘लग्नानंतर कसं व्हायचं हिचं?’ लाजणं हा स्वभाव असतो, त्यात वाईट काही नाही. लाजाळू मुलगी थोड्या वेळाने रुळते. पण काहींच्या बाबतीत ती निव्वळ लाज नसते, भीती असते. चार लोकांसमोर बोलायचं, खायचं, सही करायची म्हटलं तरी छाती धडधडते, हाताला घाम फुटतो, आवाज थरथरतो. आपण हसू होऊ, लोक आपल्याला जोखतायत, हा एकच विचार डोक्यात. आठ दिवसांनी असलेल्या कार्यक्रमाची काळजी आजपासून, आणि कार्यक्रम झाल्यावर आपण काय-काय चुकीचं बोललो याची उजळणी रात्रभर. डॉक्टर याला सोशल अँग्झायटी म्हणतात. बहुतेकदा ती वयात येतानाच सुरू होते, आणि ‘आमची मुलगी शांत आहे हो’ या कौतुकाखाली झाकली जाते. मुलगी असली तर जास्तच, कारण गप्प बसणारी मुलगी आपल्याला गुणी वाटते!

मालिका ही भीती बाहेरून दाखवत नाही, आतून दाखवते. हितोरीशी कुणी नुसतं बोललं तरी तिचा चेहरा विरघळू लागतो, डोळे-नाक जागेवरून सरकतात, कधी ती धुळीसारखी उडून जाते. बघताना हसू फुटतं. पण ज्या बाईने सासरच्या पहिल्या हळदीकुंकवाला उखाणा घेताना हे अनुभवलंय, तिला कळतं की यात अतिशयोक्ती फार नाही. काही जण म्हणतात की एका भित्र्या मुलीच्या भीतीवर हसवणं बरं नाही. मला मात्र तसं वाटलं नाही. कारण हसू येतं ते तिच्या मनातल्या राक्षसांना. तिच्या मैत्रिणी तिची टर उडवतात ती आपण घरच्या माणसाची उडवतो तशी, आणि लगेच तिच्यासाठी जागाही करतात.

झोपाळ्यावरची ओळख

शाळा सुटल्यावर हितोरी एका बागेत झोपाळ्यावर बसलेली असते. तेवढ्यात निजिका इजिची नावाची पिवळ्या केसांची मुलगी धावत येते. तिच्या बँडमधली गिटार वाजवणारी मुलगी ऐन कार्यक्रमाच्या दिवशी पळून गेलेली असते. हिच्या पाठीवर गिटार दिसते आणि ती विचारते, वाजवतेस का? तीन वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो असा भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी येतो.

मग ते आंब्याचं खोकं. आणि इथे मालिकेने एक फार खरी गोष्ट सांगितली आहे. इंटरनेटवर हजारो लोक जिला वाहवा देतात, ती हितोरी बँडबरोबर चक्क वाईट वाजवते. कारण तीन वर्षं ती एकटीच वाजवत आली. समोरच्याकडे बघून, त्याचा ठेका धरून, त्याच्यासाठी थांबून वाजवायची तिला सवयच नाही. भजनी मंडळात बसणाऱ्या बायकांना हे लगेच पटेल. घरी एकटीने म्हटलेला अभंग कितीही सुरेल असो, टाळ-मृदंग आणि दहा जणींच्या आवाजात मिसळायचं म्हणजे वेगळंच काम.

निजिका मात्र रागवत नाही. ‘पुढच्या वेळी बरं होईल’ इतकंच तिचं म्हणणं. ‘पुढची वेळ’ आहे, हे ऐकूनच हितोरीचं अर्धं काम होतं.

बँडचं नाव ‘केस्सोकु बँड’. याचा अर्थ ‘एकजूट’, पण जपानीत केस्सोकु बँड म्हणजे वायरी एकत्र बांधायची ती प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा! ड्रमवर निजिका, बास गिटारवर र्‍यो यामादा. ही र्‍यो अबोल, पण हितोरीसारखी घाबरट नाही. तिला एकटं राहायला मनापासून आवडतं. दोघी गप्प, पण एकीच्या गप्प बसण्यात सुख आहे आणि दुसरीच्या गप्प बसण्यात दुखणं. गप्प माणसं सगळी सारखी नसतात, हा फरक किती सहज दाखवलाय.

बर्फाच्या पाण्याची अंघोळ

निजिकाच्या थोरल्या बहिणीचा, सेइकाचा, टोकियोच्या शिमोकिताझावा भागात तळघरातला छोटा हॉल आहे, ‘स्टारी’. अशा हॉलना जपानमध्ये लाइव्ह हाउस म्हणतात. नवे बँड तिथे वाजवतात. कार्यक्रमासाठी पैसे लागतात, म्हणून मुलींनी तिथेच फावल्या वेळात काम करायचं ठरतं. हितोरीला ‘नाही’ म्हणायचंही धाडस होत नाही. मग ती काय करते, तर आदल्या दिवशी टबात बर्फ टाकून त्यात बसते. का, तर ताप यावा आणि कामाला जायला लागू नये!

हसू नका. परीक्षेच्या, मुलाखतीच्या, पाहुण्यांच्या दिवशी पोटात दुखणाऱ्या मुली आपल्या घरात नाहीत का? आणि ते दुखणं दरवेळी नाटक नसतं. भीतीचं गणितच तसं आहे. टाळलं की लगेच हायसं वाटतं. हायसं वाटलं की मन शिकतं, टाळणं बरं. पुढच्या वेळी भीती वाढते, टाळणंही वाढतं. आज लग्नाला गेलं नाही, उद्या बाजारात, परवा बँकेत. मानसोपचारात म्हणूनच ही साखळी उलटी फिरवतात. एकदम स्टेजवर ढकलत नाहीत, पायरी-पायरीने. आधी दुकानदाराला भाव विचारायचा, मग ओळखीच्या बाईला स्वतःहून फोन करायचा, मग चौघींत एक वाक्य बोलायचं. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही, ती सोबत असतानाच करून बघायचं.

हितोरीला ताप काही येत नाही. ती कामावर जाते. पेयांच्या काउंटरवर उभी केली तर खाली दडून बसते आणि नुसता हात वर करून ग्लास देते. पण दिवस संपत येतो तेव्हा ती एकदा, फक्त एकदा, डोकं वर काढून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करते. हसू वेडंवाकडंच येतं. निजिका ते बघते. ‘उद्याही जमेल’ असं वाटत हितोरी घरी जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिला खराच ताप येतो!

या सगळ्यात जपानचा स्वतःचा एक जुना धागा आहे. ‘माणसांची भीती’ हे दुखणं तिथले डॉक्टर शंभर वर्षांपासून ओळखतात, त्याला ‘ताइजिन क्योफुशो’ म्हणतात. त्यात ‘लोक मला हसतील’ इतकीच भीती नसते. ‘माझ्यामुळे लोकांना त्रास होईल, माझ्या नजरेने, माझ्या लाल होण्याने त्यांना अवघडायला होईल’ ही भीती जास्त. हितोरी बघा, तिला सतत वाटतं की आपण आलो म्हणून सगळ्यांचा मूड गेला. शोमा मोरिता (१८७४-१९३८) या मानसोपचारतज्ज्ञांनी १९१९ च्या सुमारास यावर उपचाराची एक पद्धत बसवली. तरुणपणी ते स्वतःही अशाच धास्तीने बेजार असत. त्यांचं सांगणं असं, की भीतीशी कुस्ती खेळू नका, ती जशी आहे तशी असू द्या आणि हातातलं काम करत राहा. त्यांच्याकडच्या रुग्णांना आधी काही दिवस निव्वळ विश्रांती, मग हलकी कामं, मग बागेतली-घरातली कष्टाची कामं, आणि मग पुन्हा आपलं आयुष्य. हात कामात गुंतला की मन स्वतःकडे टक लावून बघायचं थांबतं. निवडणं-टिपणं करत बसलेली आपली आजी पुस्तक न वाचता हेच सांगायची म्हणा.

आणि प्रश्नही मोठा आहे. महिनोन्महिने घराबाहेर न पडणाऱ्या, माणसांपासून तुटलेल्या लोकांना जपानमध्ये ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. जपान सरकारच्या २०२२ च्या पाहणीवरून १५ ते ६४ वयातली अशी माणसं सुमारे १४ लाख ६० हजार असावीत, असा अंदाज निघाला. हितोरीचं ते कपाट त्या रस्त्यावरचं पहिलं स्टेशन आहे, हे जपानी प्रेक्षकाला न सांगता कळतं.

पळून गेलेली किता

ती पळालेली गिटारवाली कोण, तर हितोरीच्याच शाळेतली इकुयो किता. सगळ्यांची लाडकी, हसरी, दहा मैत्रिणींच्या घोळक्यात फिरणारी. हिला कसली भीती? तर तिने खोटं सांगितलेलं असतं. र्‍योचं फार आकर्षण वाटलं म्हणून ‘मला गिटार येते’ असं सांगून बँडमध्ये शिरली, आणि येत काहीच नव्हतं. घेतलेलं वाद्यसुद्धा चुकीचं, गिटार समजून सहा तारांचा बास घेऊन बसली! उघडं पडायची वेळ आली तेव्हा पळाली.

मला ही किता फार आवडली. बोलक्या माणसांच्याही पोटात कायकाय असतं, ते ती दाखवते. हितोरी तिला परत आणते आणि शिकवायला लागते. जिला बोलता येत नाही ती शिकवते, आणि जिला वाजवता येत नाही ती शिकते. मैत्री अशीच व्हायची, नाही का? ‘चल, आपण मैत्रिणी होऊ’ असं ठरवून कोण करतं! पापड लाटताना होते, बचत गटाचा हिशेब लिहिताना होते, एकाच एसटीची वाट बघताना होते.

गाणी लिहायचं काम हितोरीकडे येतं, तेव्हा ती लोकांना आवडेल असं गोड-गोड, उमेदीचं काहीतरी लिहायला बसते. ते तिचं तिलाच खोटं वाटतं. र्‍यो तिला सांगते, की स्वतःचा रंग सोडून देणं म्हणजे मेल्यासारखंच आहे, तुझ्या मनातलं लिही. मग हितोरी तिच्या अंधारातलंच लिहिते.

एक मोठी बाईसुद्धा तिला वाटेत भेटते. किकुरी हिरोई, एका नावाजलेल्या बँडची बास वाजवणारी, पण सदा दारू प्यायलेली. कार्यक्रमाची पाच तिकिटं खपवायची आहेत आणि आईवडील धरून दोनच गिऱ्हाइकं, अशी हितोरीची अवस्था असते. हिरोई तिला घेऊन रस्त्यावरच वाजवायला लागते. हितोरी डोळे मिटून वाजवते. तेव्हा हिरोई तिला समजावते, की समोर उभी आहेत ती माणसं तुझी शत्रू नाहीत. हितोरी एक डोळा उघडते. फक्त एक! समोर दोन कॉलेजच्या मुली उभ्या असतात, आणि त्यातली एक चक्क तिला धीर देत असते. पुढे त्या दोघी तिकीट घेतात, हिरोईही एक घेते आणि पाच तिकिटं संपतात. हिरोईसुद्धा शाळेत अशीच गप्प होती, हे आपल्याला नंतर कळतं. तिच्या दारूवर मालिका विनोद करते, ते मात्र मला रुचलं नाही. भीती बुडवायला दारू घेणारा माणूस घरात असला की काय होतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

वादळाच्या रात्री

पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी टायफून येतो. ‘स्टारी’मध्ये जेमतेम दहा-एक माणसं. त्यातली काही तर दुसऱ्याच बँडसाठी आलेली, ‘यांचं काही ऐकण्यासारखं नाही’ असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलणारी. पहिलं गाणं पडतं. निजिकाचा ठेका डगमगतो, किताची बोटं अडखळतात. पुढचं गाणं सुरू करायला कुणाचा हात उठत नाही. आणि तेव्हा सगळ्यात भित्री मुलगी एक पाऊल पुढे टाकते आणि एकटीच गिटार छेडायला लागते. तीच ती बंद खोलीत रोज सहा तास वाजवलेली गिटार. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघतात, ठेका धरतात आणि गाडी रुळावर येते.

हे धाडस कुठून आलं? स्वतःसाठी तिला ते कधीच जमलं नसतं. निजिकाची आई लहानपणीच गेली, आणि थोरल्या बहिणीने आपला बँड सोडून धाकटीसाठी हा हॉल उभा केला. बहिणीचं राहिलेलं स्वप्न आपण पुरं करावं, हॉलचं नाव मोठं करावं, ही निजिकाची इच्छा. ती पूर्ण गोष्ट हितोरीला कार्यक्रमानंतर कळते, पण या मैत्रिणींचं काहीतरी आज इथे बुडतंय एवढं तिला स्टेजवर कळलेलं असतं. कळपातलं सगळ्यात घाबरट जनावर पिल्लासाठी मागे फिरतं, तसं काहीसं.

घरचा एक प्रसंग सांगायलाच हवा. ‘उद्या मैत्रिणी येणार आहेत’ असं हितोरी सांगते, तेव्हा आईवडिलांना आधी खरंच वाटत नाही. पोरगी मनातल्या मैत्रिणींबद्दल बोलतेय असं त्यांना वाटतं! मैत्रिणी येतात तेव्हा घरात केवढी गडबड. या आईवडिलांनी तिला कधी टोमणा मारला नाही, शेजारच्या मुलीशी तुलना केली नाही. तरीही ती अशीच झाली. आयांनो, लेकीच्या बुजरेपणाचा सगळा दोष स्वतःवर घेऊ नका, असं इथे मनापासून सांगावंसं वाटतं.

तुटलेली तार

शेवटच्या भागात शाळेचं संमेलन आहे. त्यासाठीचा अर्ज हितोरीने कचऱ्याच्या डब्यात टाकलेला असतो. किता तो गुपचूप उचलून जमा करते. हे बरोबर की चूक? माझं मत विचाराल तर चूक. भीती असलेल्या माणसाच्या वतीने परस्पर असे निर्णय घेऊ नयेत. किता नंतर स्वतःच तिला ते सांगून टाकते. मनात इतकंच होतं, की हितोरीला पुन्हा एकदा स्टेजवर तसं बघावं.

शाळेच्या हॉलमध्ये, वर्गातल्या सगळ्या मुलांसमोर, ऐन गाण्यात हितोरीच्या गिटारची पहिली तार तुटते आणि दुसऱ्या तारेची खुंटी निकामी होते. सोलोची जागा जवळ आलेली. आणि ती किता, जिला वर्षाच्या सुरुवातीला गिटार कशी धरायची हेही येत नव्हतं, ती पुढे होऊन स्वतःच्या मनाने वाजवत जागा भरून काढते. गुपचूप किती सराव केला असेल! तेवढ्या वेळात हितोरीला प्रेक्षकांतल्या हिरोईने ठेवलेला दारूचा काचेचा ग्लास दिसतो. तो उचलून ती तारांवर घासत वाजवते. बाटलीच्या काचेने गिटार वाजवायची ही जुनी युक्ती अमेरिकेतल्या ब्लूज वाजवणाऱ्यांची.

वाटतं, आता टाळ्या, मिठ्या, अश्रू. छे! किता तिच्यापुढे माइक धरते, ‘दोन शब्द बोल’. हितोरीला एक शब्द सुचत नाही. घाबरून ती थेट प्रेक्षकांत उडी मारते, रॉकवाले मारतात तशी. प्रेक्षक बाजूला होतात आणि ही तोंडावर आपटते. शुद्धीवर येते ती शाळेच्या दवाखान्यात. तिथे किता तिला आडनावाने ‘गोतो-सान’ म्हणायचं सोडून नावाने हाक मारते, ‘हितोरी-चान’. जपानीत ‘चान’ हे आपल्या लाडाच्या हाकेसारखं. ज्या नावाचा अर्थ ‘एकटी’, ते नाव एवढ्या आपुलकीने कुणी पहिल्यांदाच घेतं.

बारा भाग झाले तरी हितोरी बरी होत नाही, हेच मला सगळ्यात पटलं. ती घाबरटच राहते. फरक इतकाच की वर्षभरात तिला तीन मैत्रिणी आहेत, एक नोकरी आहे, दोन पक्क्या चाहत्या आहेत आणि टोकियोच्या ओचानोमिझु या वाद्यांच्या बाजारातून घेतलेली नवी गिटार आहे. तिच्या व्हिडिओंना जाहिराती लावून वडिलांनी साठवलेल्या पैशांतून ती येते. मालिकेचं शेवटचं वाक्य काय, तर ‘आजही कामावर जायचंय’ अशा अर्थाचं तिचं पुटपुटणं.

तुमच्या घरात अशी एखादी हितोरी असेल तर तिला पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव गं’ म्हणून उभी करू नका, आणि ‘राहू दे, तिला नाही आवडत’ म्हणून कायमची आतल्या खोलीतही ठेवू नका. तिला येतं त्यातलं एखादं काम चौघींत मिळून करायला द्या. शाळा-कॉलेज बुडायला लागलं, जेवण-झोप बिघडली, तर मात्र स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. या भीतीवर उपचार आहेत, बोलून करायचे आणि गरज पडली तर औषधांचेही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं. समोरासमोर बोलायची भीती असणारीला फोन बरा पडतो.

जाता-जाता, संगीताची आवड असणाऱ्यांसाठी. चारही मुलींची आडनावं ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ या खऱ्याखुऱ्या जपानी बँडच्या चौघांची आहेत. तो बँड योकोहामाच्या कॉलेजातला, म्हणून हितोरीचं घरही त्याच भागात. ‘स्टारी’ बेतलाय शिमोकिताझावातल्या ‘शेल्टर’ या खऱ्या हॉलवर. मालिकेतल्या गाण्यांचा अल्बम २०२२ च्या डिसेंबरअखेर आला आणि जपानमध्ये भरपूर खपला. बहुतेक गाणी किताला आवाज देणाऱ्या इकुमी हासेगावाने गायली आहेत. शेवटच्या भागाच्या अखेरीस मात्र हितोरीचा आवाज असलेली योशिनो आओयामा गाते, थोड्या दबलेल्या, कापऱ्या गळ्याने. २०२४ मध्ये मालिकेचे दोन संकलित चित्रपट निघाले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दुसरं पर्व जाहीर झालं.

प्रत्येक भाग जेमतेम चोवीस मिनिटांचा, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक संपतो. जपानी बोलणं आणि खाली इंग्रजी अक्षरं, तेवढं लेकीला वाचून सांगायला लावा. ती घुमी असली तरी एवढं वाचेल.